घागरीखालची चुंबळ

माणसांची पाठ वळली की भांडी बोलायला लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात मातीची नवी सुरई आली. भिंतीला ओल आधीपासूनच होती. पण सगळ्यांना ती दिसली सुरई आल्यावर.

"मातीची जात, पाझरणारच," तांब्याची घागर म्हणाली. ती घरातली थोरली, रोज चिंचेनं घासून लख्ख झालेली. "हिला परसात टाका, नाहीतर भिंत जाईल."

सुरई घाबरली, पण हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला रिकामी करून पालथी ठेवा. तरी ओल वाढली तर?"

"तर बघू."

सुरई पालथी झाली आणि ओल आणखी वीतभर चढली. पालथं पडल्यावर जमिनीलगतचं बरंच दिसतं. सुरईला घागरीखालची कापडाची चुंबळ दिसली.

"अगं बाई! चुंबळताई, तू तर चिंब भिजलीस!"

"हळू बोल गं. घासून घासून आत्याबाईंचं बूड झिजलंय. जमेल तेवढं मी पिते, उरलेलं भिंतीकडे जातं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या चकाकतात! त्यांना कोण सांगणार?"

घागरीनं ते ऐकलं. "मी? मी गळते?" तिनं परातीकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. दोघींनी नजर चुकवली. सुरई थक्क झाली. ठाऊक सगळ्यांनाच होतं!

पुढे घागरीत तांदूळ भरले आणि वाळलेली चुंबळ सुरईखाली आली. टेकल्या टेकल्या सुरई म्हणाली, "ताई, मी गळायला लागले, तर आधी मला सांग हं."