भोपळूची फुंकर

फार वर्षांपूर्वी रानाच्या फौजेत दहा कासवांच्या पाठी हिरव्या रंगवायचं काम भोपळू हत्तीला मिळालं. रंग एकच बादली होता. तो पुरला नाही, तर भोपळूची रवानगी पुन्हा ओंडके ओढायला होणार होती. म्हणून त्याने सोंडेत रंग भरला आणि जीव खाऊन फुंकला. कासवावर चार थेंब पडले, मागचं वारूळ मात्र हिरवंगार झालं.

"अरे, रंगवतोयस की शिंकतोयस?" रंगकाम शिकवणारे सरडेबुवा ओरडले. "वीतभर अंतर ठेव, हळू फुंक आणि पाठ संपली की थांब!"

भोपळू ओशाळला, पण तसंच करत गेला. दहावं कासव रंगवूनही बादलीत रंग उरला.

सेनापती वाघ पाहणीला आले. गवतातल्या दगडावर बसून ते गरजले, "कासवं कुठे आहेत?"



"साहेब," दगड कण्हत म्हणाला, "जरा उठता का?"