गुळगुळीत केलेला कोळसा

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे शालन नावाची एक मुलगी कपॅसिटर बनवायची. कपॅसिटर म्हणजे झटकन वीज भरून घेणारा डबा. गावची नवी होडी त्यावरच चालणार होती. धक्क्याला वीज भरायची, ती पैलतीरापर्यंत पुरवायची.

शालन करवंट्यांचा कोळसा करी आणि तो तापल्या वाफेत ठेवी. वाफ कोळशाला आतून पोखरी. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या भोकांतच वीज मुक्कामाला येते. मग कोळशाची पूड खळीत कालवून ती पातळ पत्र्यावर थापी.

पत्रे खडबडीत दिसत. होडी हाकणारे धाकू तांडेल म्हणाले, "शालन, या जळक्या भाकऱ्या कुणाच्या पानात वाढणार आहेस?" सगळा धक्का हसला. शालन आधीच भित्री, दार वाजलं तरी दचकणारी. ते हसू तिला झोंबलं. घरी जाऊन तिने पत्र्यांवरून जड रूळ फिरवला, पुन्हा फिरवला, आरशासारखे दिसेपर्यंत फिरवला, आणि मग ते डब्यात बसवले.

पहिल्या फेरीला माणसं दाटीवाटीने बसली. एका बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. ओहोटी लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं. तांडेलांनी वीज जोडली आणि डबा पापणी लवायच्या आत भरला. लोकांनी वाहवा केली. शालन मात्र चपापली. झटकन म्हणजे इतक्या झटकन नव्हे. जो रांजण एका तांब्यात भरतो, तो रांजण कसला? रुळाखाली भोकं चेपून गेली होती.

बोलावं तर चारचौघांत नाचक्की. तांडेल दोर सोडायला वाकले. शालनने तो दोन्ही हातांनी धरला.

"काका, माणसं उतरवा. चूक माझी आहे. डबा भरलाय, पण त्यात काही मावलेलंच नाही."

माणसं कुरकुरत उतरली. तांडेल वैतागले, होडीला लांब दोर बांधून एकटेच निघाले. खाडीच्या मध्यावरही पोचले नाहीत तोच मोटर गप्प झाली. होडी समुद्राकडे वळली, दोर ताठ होऊन करकरला. सगळ्यांनी मिळून ती कशीबशी ओढून आणली.

तांडेल धक्क्यावर उतरले. म्हणाले, "त्या जळक्या भाकऱ्याच आण बाई."

या वेळी कुणी हसलं नाही.

तात्पर्य: लोकांच्या हसण्याला भिऊन केलेलं काम देखणं दिसतं, पण वेळेला उपयोगी पडत नाही, आणि चूक उमगली की लाज सोडावी, दोर सोडू नये.