गव्याचे खांबासारखे पाय

दूरदेशी वैद्यकी शिकून एक तरुण साळुंकी आपल्या जंगलात परतली. तिला वाटले होते, आपल्या जांभळीखाली रोग्यांची रांग लागेल. कोणी तापाने फणफणलेला, कोणी लंगडणारा. पाहते तो काय, सगळे प्राणी खाऱ्या मातीच्या दरडीपाशी मजेत उभे. तिथली रीत अशी, की जंगलातल्या सर्वांत बलवान प्राण्याने आधी पोटभर माती चाटायची, मगच इतरांनी. हा मान कैक वर्षे एका म्हाताऱ्या गव्याकडे होता. हल्ली त्याचे पाय चांगलेच जाड झाले होते. “खांब आहेत खांब,” तो अभिमानाने म्हणे.

साळुंकी त्याच्या मानेवर उतरली. मानेची शीर तिच्या पंजांना थाडथाड उचलत होती. “आजोबा, तुमच्या रक्ताचा दाब फार वाढलाय. ही ताकद नाही, सूज आहे. माती चाटणं थांबवा.”

“पण मला कुठे काय दुखतंय, पोरी?”

“सुरुवातीला दुखतच नाही.”

कोल्हा म्हणाला, “न दुखणारा आजार शोधायला एवढ्या लांब गेली होतीस होय?” सगळे हसले. साळुंकी जांभळीवर जाऊन बसली. इथे कोणाला आपली गरज नाही, उद्या परत जावे, असे तिच्या मनात आले.

संध्याकाळी गव्याची नात खेळता खेळता त्याच्या पायावर नाक दाबून उभी राहिली. ती बाजूला झाली, तरी ओल्या चिखलात उठावा तसा खळगा पायावर तसाच राहिला. गवा बराच वेळ त्याकडे पाहत होता. मग तो जांभळीखाली आला. “पोरी, मघाचं पुन्हा सांग. जरा हळू सांग.”

“आजोबा, तुमच्या पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडं आहेत. त्यांतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त गाळतात, जास्तीचं पाणी नि मीठ बाहेर काढतात. रक्त सतत जोरानं धडकत राहिलं, की आतल्या नाजूक वाहिन्या कडक होतात, वाट अरुंद होते. मग गाळणं मंदावतं, पाणी नि मीठ अंगातच साचतं, आणि दाब आणखी वाढतो.”

“म्हणजे माझं संपलं?”

“नाही. बिघडलं ते सगळं परत येणार नाही, पण उरलंय ते राखता येईल. मीठ कमी, पाल्याचं औषध रोज, आणि दाबही रोज बघायचा.”

“ते जमेल गं. पण पहिली चाट सोडली, तर मला थकलेला म्हणून कळपाबाहेर काढतील.”

“उद्या दरडीपाशी मी तुमच्यासोबत असेन,” साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवा दरडीसमोर थबकला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. साळुंकी जांभळीवरून उडाली आणि सर्वांदेखत त्याच्या पाठीवर जाऊन बसली. गव्याने एक श्वास घेतला. “मान माझा आहे, तेव्हा तो कोणाला द्यायचा हे मीच ठरवीन. आजपासून पहिली चाट पाडसाला पाजणाऱ्या हरिणीची. तिला मिठाची गरज आहे.”

हरिणी बिचकतच पुढे झाली. कोणीच हसले नाही.

कोल्ह्याने वर पाहिले. “आणि तू? तिथे किती वेळ बसणार?”

“मी आता इथेच राहणार,” साळुंकी म्हणाली. “रोज सकाळी शीर बघायची आहे.”

तात्पर्य : जे दुखत नाही तेही आतून झिजवत असते, वेळीच ओळखून रोज जपले, तर उरलेले पुष्कळ वाचते.