अडीच हजारांवर वीस धागे

फार पूर्वी, मागांच्या खटखटीने जागं होणाऱ्या एका गावात एक म्हातारा विणकर राहत होता. देवीचा शेला विणण्याचा मान पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होता.

शेल्याची रीत मोठी कडक होती. आधी ताण्याचे उभे धागे मोजून त्यांची पूजा करायची. मग देवीपुढे दहा कवड्या टाकायच्या; एकही उताणी पडली नाही, तर पुन्हा टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील, तितके सारखे भाग करून प्रत्येक भाग वेगळ्या रंगात बुडवायचा. पूजेनंतर एक धागा वाढवायचा नाही की काढायचा नाही.

म्हातारा नेहमी अडीच हजार धागे घेई. भरीव आकडा! पण गेल्या वर्षी नऊचा कौल आला आणि सात धागे उरले. त्याआधी सहाचा आला, तेव्हा चार उरले. दोन वर्षं देवी शेल्याविना राहिली. पंचांनी बजावलं, “यंदा चुकलं, तर मान दुसऱ्या घरी जाईल.”

सून म्हणाली, “मामंजी, एकापासून दहापर्यंत कशानंही भाग जाईल असाच आकडा धरू या.”

“मग गुणत बस एकापासून दहा! छत्तीस लाखांवर जाईल. ताणा काय नदीपलीकडे बांधायचा?”

“सगळे कशाला गुणायचे? आठात दोन आणि चार आलेच. नवात तीन आला. जोडीला पाच आणि सात घेतले, की सहा आणि दहा आपोआप मिळतात. आठ नवे बाहत्तर. त्याची पाचपट तीनशे साठ. त्याची सातपट दोन हजार पाचशे वीस. याहून लहान आकडा सापडायचा नाही.”

म्हाताऱ्याने एकेका आकड्याने भागून पाहिलं. कुठेच काही उरेना. तो ताणा मोजायला बसला.

उत्सवात शेजारचा विणकर हसला, “काय हो, वीस धागे जास्त घातले की देवी पावते वाटतं?”

“पावते का ते बघायलाच आलोय,” म्हातारा म्हणाला.

कवड्या पडल्या. सात उताण्या! गर्दी हळहळली. सातानं या घराच्या वाडवडिलांनाही रडवलं होतं.

सून पुढे झाली. “पंचहो, प्रत्येक भागात तीनशे साठ. मोजून घ्या.”

पंच मोजू लागले. सातवा भाग संपला, तेव्हा हातात एकही धागा शिल्लक नव्हता. पंचांनी पुन्हा मोजलं. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी सुनेला हात जोडले.

त्या वर्षी देवीच्या खांद्यावर सातरंगी शेला झळकला. म्हातारा भेटेल त्याला थांबवून सांगे, “दोन हजार पाचशे वीस! आमच्या सूनबाईंचा आकडा आहे. भागून बघा, एक ते दहा हवं त्यानं भागून बघा!”

तात्पर्य: कौल कोणता लागेल हे आपल्या हाती नसतं; कोणत्याही कौलाला पुरी पडेल अशी तयारी मात्र आपल्याच हाती असते.