परातीतली पांढरी माती

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या औषधी बागेच्या कुंपणाला कीड लागली. कुंपण मेंदीचे होते, कमरेइतके उंच आणि दाट. त्याच्याच आधाराने आतली शतावरी आणि अश्वगंधा गावच्या शेळ्यांपासून वाचत असत. हिरव्या अळ्यांनी दोन दिवसांत त्याचा एक कोपरा खराट्यासारखा करून टाकला.

वैद्यांचा शिष्य विश्वंभर तिशीचा होता. पाच वर्षे शिकून आता स्वतः रोगी तपासू लागला होता. वैद्यांनी त्याच्या हाती पांढऱ्या मातीच्या वस्त्रगाळ पुडीची पुरचुंडी दिली. "खाणीतली माती आहे. पानांवर हलकेच झटक, धुरकट दिसतील इतकीच. मग चार दिवस हात लावू नकोस," एवढे सांगून ते शेजारगावी रोगी पाहायला गेले.

विश्वंभराने पुरचुंडी झटकली. तासाभराने पाहतो तर अळ्या खातच होत्या! त्याने पुन्हा झटकली. दुपारी तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि आणखी एक थर देऊन आला. ओसरीवर रोगी खोळंबले, तरी त्याचे पाय कुंपणाकडेच वळत. एखादी अळी मान वर करी, तेव्हा ती आपल्यालाच हसते आहे असे त्याला वाटे. तिसऱ्या सकाळी दवाने त्या भुकटीचा लेप झाला आणि त्याच्या भाराने उरलीसुरली पानेही माना टाकू लागली.

वैद्य परतले. रागावले नाहीत. घागरी आणवून त्यांनी सारे कुंपण धुऊन काढले, पाने सुकल्यावर स्वतः एक विरळ थर दिला आणि घरातली पितळी परात आणून शिष्यापुढे ठेवली.

"आता पुन्हा माती टाकावीशी वाटली, की कुंपणावर नाही, ह्यात झटक."

"परातीत? गुरुजी, अळ्या कुंपणावर आहेत!"

"ठाऊक आहे मला."

विश्वंभर गोंधळला, पण गुरूचा शब्द होता. तो येरझाऱ्या घाली, अळ्या मोजी, मोजता मोजता चुके, चिडे आणि परातीवर पुरचुंडी आपटे. त्या विरळ थरानंतरच्या चौथ्या सकाळी अळ्या सुतळीच्या तुकड्यांसारख्या वाळून लोंबत होत्या. बोट लागताच गळून पडल्या. पाने मात्र हिरवी होती.

वैद्यांनी परातीतल्या ढिगाकडे बोट केले. "कुंपणाला लागली ती चिमूटभर. ही माती किड्याच्या अंगातली ओल सावकाश शोषते. आपण धावपळ केली म्हणून ती लवकर शोषत नाही. मग हा ढीग कोणत्या रोगावरचे औषध, विश्वंभरा?"

विश्वंभराने हातातली पुरचुंडी परातीत ठेवून दिली.

"तगमग तुझ्या जिवाची होती आणि मात्रा तू झाडाला देत होतास. वैद्याच्या हातून रोगी दगावतो तो दर वेळी अज्ञानाने नव्हे, बाळा. कधी कधी वैद्याला स्वस्थ बसवत नाही, म्हणूनही दगावतो."

त्याच दुपारी एक बाई तापलेल्या मुलीला कडेवर घेऊन धावत आली. "काल औषध नेलं, वैद्यबुवा, अजून ताप हटत नाही! काहीतरी जालीम द्या."

विश्वंभराने नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले. ताप आपल्या क्रमाने चालला होता. तरी त्याचा हात फळीवरच्या तीव्र भस्माच्या कुपीकडे गेला. कुपीला बोटे लागली आणि तिथेच थांबली.

"तेच औषध चालू ठेवा, ताई," तो म्हणाला. "पातळ पेज पाजा. दिवे लागायच्या आत मी स्वतः येऊन बघतो."

बाई गेली. त्याचे हात अजून शिवशिवत होते. पण ते दुखणे कोणाचे, हे आता त्याला कळले होते.