रांजणातली नीळ

"पण बाबा, माझं चुकलं कुठे?"

विचारत होता यशोधर. रसायनशास्त्रात सुवर्णपदक मिळवून तो गोदाकाठच्या कासमबाबांकडे निळीचं काम शिकायला आला होता. बाबा फकिरासारखे राहत, कापड रंगवून पोट भरत. आठ महिन्यांत त्यांनी त्याला फक्त नीळ वाटायला लावली होती; रंगाच्या रांजणाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

काल बाबा बाजाराला गेले, तेव्हा त्याने नीळ मऊशार वाटली, पाण्यात घोटली आणि सगुणा धनगरणीने रंगवायला दिलेलं लुगडं त्यात बुडवलं. कापड असं निळंगर्द निघालं की त्याने स्वतःच ते तिच्या घरी पोचवलं.

आज सगुणाने ते नदीत खळबळलं. सगळा रंग पाण्याबरोबर गेला.

लुगडं तिने बाबांच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"लेकीचं लगीन आठ दिसांवर आलंय, बाबा," एवढंच म्हणाली आणि गेली.

बाबांनी उंबऱ्यावरचं लुगडं उचलून आत ठेवलं. पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर नीळ टाकली.

"ढवळ."

त्याने ढवळलं. पाणी निळं झालं.

"आता बस."

...

ऊन कललं. नीळ तळाशी बसली होती. वरचं पाणी नितळ.

"नीळ पाण्यात विरघळत नाही," यशोधर हळूच म्हणाला. "हे मी परीक्षेत लिहिलं होतं."

"गुण मिळाले?"

"पैकीच्या पैकी."

बाबा हसले. मग त्यांनी रांजणात पाणी भरलं. त्यात नीळ, चुना, गूळ आणि सगळं आंबावं म्हणून शिजवलेलं टाकळ्याचं बी घालून वर झाकण ठेवलं. रोज सकाळी ते झाकण उघडत, वास घेत, बोट बुडवून जिभेला लावत आणि 'अजून नाही' अशी मान हलवत. यशोधर टिपणं काढायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याने वही आणली नाही. नुसता बाबांचा चेहरा बघत बसायचा.

पाचव्या दिवशी बाबांनी मान हलवली नाही. वरचा फेस हाताने बाजूला सारला.

खाली निळा रंग कुठेच नव्हता. पाणी पिवळट हिरवं होतं.

"बाबा... नीळ मेली."

बाबांनी लुगडं आत सोडलं. बऱ्याच वेळाने वर काढलं. तेही तसंच, पिवळट हिरवं. यशोधरने मान फिरवली. सगुणाला काय तोंड दाखवायचं, हेच त्याच्या मनात होतं.

"बघ इकडे."

वाऱ्यावर धरलेलं लुगडं काठाकडून गडद होत होतं. हिरवं... मग निळसर... मग सगळंच निळं. "मेली नव्हती. निळेपण सोडलं, तेव्हाच धाग्यात शिरली," बाबा म्हणाले.

लुगडं पुन्हा पुन्हा बुडवलं, वाळवलं आणि नदीवर नेऊन तीनदा धुतलं. शेवटी नदी नितळच राहिली.

सगुणा आली. तिने पदर बोटांत चुरगळून पाहिला, ओल्या बोटाने घासून पाहिला. बोट कोरं होतं. तिने बाबांना हात जोडले आणि लुगडं छातीशी धरून निघाली.

यशोधर बाबांच्या पायाशी बसला.

"हे सारं मी वाचलं होतं, बाबा. चुना का, गूळ का, सगळं. पण ते पानावरच राहिलं होतं; तुमच्या हातून होताना पाहिलं तेव्हा कळलं."

त्याने वर पाहिलं.

"मी जाऊ, की राहू?"

बाबांनी त्याचा हात हातात घेतला.

"राहा, बेटा. अजून तू फार निळा आहेस."