इनासबांची खांड

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आईने बजावलंय. गावाबाहेरच्यांना तर नाहीच नाही. पण तुम्ही बांधापर्यंत आलाच आहात, आणि गावातली माणसं अजून टोपल्या भरतायत, म्हणून सांगते.

आमच्या देवळावर, म्हणजे चर्चवर, कौलं नव्हती, झावळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून भात वाचवायला आमच्या मानखारच्या माणसांनी हा मातीचा बांध घातला. बांधात एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती लागली की बंद करायची. हे काम इनासबांचं. त्यांना बायकामुलं नव्हती. झोपेतही त्यांना भरतीची चाहूल लागायची, असं म्हणतात.

एकदा भात पोटरीला आलेलं असताना इनासबा पलीकडच्या गावी लग्नाला गेले. उघाडी त्यांनी एका तरुणाकडे सोपवली. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याच्या घरी पाळण्यात तान्ही मुलगी होती, एवढंच सांगते. त्याने उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं. भरतीबरोबर कोळंबी येऊ लागली. अजून थोडी येऊ दे, अजून थोडी, असं करत त्याने दार लावलंच नाही. पाण्याचा जोर वाढला, दार मोडलं आणि बांधाला ही एवढी खांड पडली.

तेव्हाची रीत कडक होती. ज्याच्या हातून बांध फुटला त्यानेच खांडीत उतरायचं, फळ्या पाठीशी धरून पाणी अडवायचं आणि गावाने माती टाकायची. उतरलेला माणूस सहसा वर येत नसे.

गाव धावत आलं. मोडक्या दाराला जाळं लटकत होतं आणि शेजारी तो तरुण रडत उभा होता. त्याची बायको लेकीला घेऊन मागे उभी होती. तेवढ्यात लग्नातल्या पांढऱ्या सदऱ्यातच इनासबा पोचले. त्यांनी जाळ्याकडे पाहिलं. मग त्या लेकीकडे पाहिलं.

"जाळं माझंय," ते म्हणाले.

"तुमचं?" पास्कू नावाचा म्हातारा ओरडला. "इनासबा, तुम्हाला जाळं धड फेकता तरी येतं का? आणि सकाळपासून तर तुम्ही लग्नात जेवत होता!"

"खांडीला साक्षीपुरावे कळत नाहीत रे पास्कू. तिला माणूस लागतो. आणि कोणामुळे फुटलं, हे आजपासून कोणी विचारायचं नाही."

मग ते तरुणाकडे वळले. "रडतोस काय? टोपली उचल. पहिली माती तुझी."

ते उतरले. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं आणि हनुवटीपाशी येऊन थांबलं. अख्खी खाडी त्यांच्यासमोर थांबली, असं म्हणतात. गावाने माती टाकली. पाणी उतरलं तेव्हा बांध सलग झाला होता, आणि इनासबा कुठेच नव्हते. त्या जागी आजही खेकडे बीळ करत नाहीत. मी स्वतः वाकून पाहिलंय.

ते का उतरले, यावर गावात अजून वाद चालतो. फादर म्हणतात, दुसऱ्याची शिक्षा त्यांनी आपल्यावर घेतली. कोळीवाड्यातले म्हणतात, शिक्षाबिक्षा काही नाही, ते खाडीशी लढले आणि जिंकले. आमच्या बुदेलीनमावशी म्हणतात, "अरे, खाडी काय रागावली होती? मधे फट पडली होती. ती प्रेमाने बुजवली, झालं!" मी धर्मशिक्षणाच्या वर्गात हळूच विचारलं, यातलं खरं कोणतं? फादर भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत म्हणाले, "त्याच्याबद्दलही लोक हेच तिन्ही म्हणतात, बाळ."

तेव्हापासून खांडीत कोणालाच उतरवलं जात नाही. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट ही प्रार्थना संपली की सगळं गाव बांधावर माती टाकतं. पहिली टोपली मात्र त्या तरुणाच्या घरातली मुलगीच टाकते. ते घर मान खाली घालत नाही. ज्याच्यासाठी इनासबा उतरले ते घर म्हणून गाव बाजूला होऊन त्याला वाट देतं. आणि ते घर कोणाचं, तर पाळण्यातली ती मुलगी म्हणजे माझ्या पणजीची—

"जेसिंता! अगं, कोणाशी बोलत बसलीस? टोपली भरलीये, सगळे तुझ्यासाठी थांबलेत!"